इंद्रभुवनाखाली बोअर मारायचे?

साखर पेठ: काल इथं एकानं लिहिलं, इंग्लंडातलं बाथ ॲबी जमिनीतल्या उष्णतेवर चालतं, तसंच सोलापूर महापालिकेच्या जुन्या इंद्रभुवन इमारतीचं आणि पेठांतल्या जुन्या वाड्यांचं करा. डोकं फिरलं वाचून. बाथला 46 अंशांचा झरा रोमन काळापासून वाहतोय, वाया जाणाऱ्या त्याच पाण्यावर ते चर्चची फरशी तापवतात. सोलापुरात मे महिन्यात पारा 43च्या वर जातो, इथं ऊब कुणाला हवी? आमच्या आजोळी माळवद होतं, हातभर जाड भिंती, चुन्याचा गिलावा. भर दुपारी आत झोप लागायची. जुन्या भिंतींवर थापलेलं सिमेंट आधी खरवडा.

जुळे सोलापूर: ऊब नकोच, गारवा हवाय. उष्णता इकडून तिकडं नेणारा पंप (हीट पंप) दोन्हीकडं चालतो, ऊबही देतो, गारवाही. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये 10 विहिरींवर हेच चाललंय, काही 2200 फुटांपर्यंत खोल. आपल्याकडं खाली खडक बाराही महिने साधारण 28 अंशांवर असतो. एसीनं उष्णता रणरणत्या हवेत फेकण्यापेक्षा त्या खडकात सोडली तर वीज कमी लागते. शिवाय कोरीव दर्शनी भागावर एसीचे डबे लोंबत नाहीत.

बोअरचा भुक्तभोगी: बोअरचं नाव काढू नका! शेजाऱ्यानं खोल बोअर मारला आणि आमचा त्याच उन्हाळ्यात आटला. आई पहाटे उठून टँकरची वाट बघायची.

जुळे सोलापूर: अहो, पाणी उपसायचंच नाही. न्यूयॉर्कला विहिरीतलं पाणी फिरवतात, आपण बंद नळी टाकू. त्यातलंच पाणी फिरत राहतं.

बोअरचा भुक्तभोगी: काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच येतं. नळीभोवतीची पोकळी नीट बुजवली नाही तर वरचं गटार थेट त्या भेगांत उतरेल. कंत्राटदार पैसे घेऊन गेल्यावर ते कोण तपासणार?

विजापूर रोड: बरोबर बोलले. इथं नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, बोअर हाच आधार.

साखर पेठ: पाण्याचं राहू द्या, मुद्दा वेगळा आहे. न्यूयॉर्कला हिवाळ्यात तीच उष्णता परत वर काढतात. आपण बाराही महिने आत ओतणार. काही वर्षांत बोअरभोवतीचा खडकच तापेल, मग वीज कसली वाचते?

जुळे सोलापूर: हे मान्य करावं लागेल. म्हणून अख्खी इमारत नको, जुनी कागदपत्रं ठेवलेल्या एक-दोन खोल्यांपुरतंच करा.

साखर पेठ: खोल्यांपुरतं चालेल. पण चुन्याचं काम आधी.

बोअरचा भुक्तभोगी: आणि बोअर बुजवताना मी तिथं उभा राहणार.