एक्झिटच्या पाट्या: स्टिकर पुरतील की दिव्याच्या हव्यात?

प्रश्न
तिसऱ्या मजल्यावर क्लासेससाठी जागा तयार होतेय. पॅसेज काटकोनात वळतो. लांब बाजू २४ मीटर, आखूड ९. दोन्ही टोकांना जिना, वळणाजवळ लिफ्ट. इंटिरियरवाल्याने अंधारात चमकणारे ६ स्टिकर सुचवलेत. पॅसेजचे दिवे मोशन सेन्सरवर आहेत. एनबीसी २०१६ च्या (राष्ट्रीय इमारत संहितेच्या) दृष्टीने एवढं चालेल का?

उत्तर १
नुसत्या स्टिकरवर भिस्त ठेवू नका. ते आधी उजेड पितात, मग चमकतात. सेन्सरमुळे तुमचा पॅसेज बराच वेळ काळोखात असणार, मग ऐन वेळी ते उजळतील कशाने? तरी घ्या जरूर, पण सेन्सर काढून, आणि भिंतीच्या तळाशी व पायऱ्यांच्या कडांना लावा. धूर छताकडून खाली भरत येतो, त्यामुळे दारावरची पाटी आधी झाकली जाते.

मुख्य पाट्या बॅटरीच्या एलईडी, 'मेंटेन्ड' म्हणजे कायम पेटत्या घ्या. दोन्ही जिन्यांच्या दारांवर एकेक, वळणावर दोन्हीकडून दिसेल अशी दुतोंडी टांगती, आणि प्रत्येक वर्गाच्या दारावर आतून एक. आकाराचा ढोबळ हिशेब असा: आतून उजळलेली पाटी तिच्यावरच्या धावत्या माणसाच्या चित्राच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून वाचता येते. १०० मिमीची २० मीटरवरून दिसेल, म्हणजे २४ मीटरला अपुरी. १५० मिमीचीच मागा.

लिफ्टजवळ एक्झिटचा बाण लिफ्टकडे वळता कामा नये. तिथे 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नका' हीच पाटी हवी.

उत्तर २
वायरिंग आत्ताच तपासा, फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर उकलणं अवघड. पाटीला फेज (विजेची चालू वायर) दिव्यांच्या बटणाच्या आणि सेन्सरच्या आधीची द्या. नाहीतर रोज रात्री दिवे बंद केले की पाटीला वाटतं वीज गेली, ती बॅटरीवर जाते आणि पार रिकामी होते. असं रोज झालं की बॅटरी लवकरच बाद.

पाट्यांशिवाय वाटेवर इमर्जन्सी लाइटही लागतात. वीज गेल्यापासून १ सेकंदात लागले पाहिजेत, किमान दीड तास चालले पाहिजेत, आणि वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीलगत किमान १० लक्स (उजेडाचं माप) उजेड हवा. प्रत्येक वळण, जिन्याचा प्रत्येक टप्पा, फायर अलार्मचं बटण, अग्निशामक उपकरणं आणि शेवटच्या दाराबाहेर, यांपासून आडवं २ मीटरच्या आत एकेक बसवा. हे लाइट पॅसेजच्या दिव्यांच्याच सर्किटवर घ्या. वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) घेतले तर पॅसेजची एमसीबी पडली तरी यांना पत्ता लागत नाही, आणि सगळा पॅसेज अंधारात.

प्रश्नकर्ता
बाण कुठल्या दिशेने? आणि तपासणी कोण करतं?

उत्तर ३
जिन्याच्या लँडिंगवर बाण तिरका खाली, आणि धावणाऱ्या माणसाचं तोंडही त्याच बाजूला. बाण डावीकडे नि माणूस उजवीकडे असले की घाबरलेला माणूस क्षणभर थबकतो, मागचे त्याच्यावर आदळतात.

पाटीखाली इवलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून धरा: पाटी पेटती राहिली पाहिजे, मंदावली तर बॅटरी बदला. वर्षातून एकदा एमसीबी पाडून पूर्ण दीड तास चालवा, आणि हे सुट्टीच्या दिवशीच, कारण नंतर बॅटरी भरायला वेळ लागतो. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी' (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. एजन्सीवाला आला की बटण त्याला तुमच्यासमोर दाबायला लावा.

आणि पाट्यांसमोर ॲडमिशनचे फ्लेक्स टांगू देऊ नका.