मदत हवी आहे: मनात त्या क्षणी काय होतं, ते नेमकं कसं टिपावं?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एका कामात गुंतले आहे आणि आता पुरती अडकले आहे. फोनवर दिवसातून सहा वेळा, कधी ते मला आधी कळणार नाही अशा बेताने, बीप वाजतो. तो वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात जे होतं ते वहीत टिपायचं. पद्धत माझी नाही. लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट १९७०च्या दशकापासून अशा बीपवर काम करत आले आहेत. फरक एवढाच, की त्यांच्याकडे २४ तासांच्या आत त्या नोंदींवर सविस्तर मुलाखत होते. माझ्याकडे फक्त वही आहे.

अडचण सांगते. परवा जिना चढताना बीप झाला. मी लिहिलं, ‘किल्ली घेतली का, असा विचार आला.’ पण हे वाक्य मनात नव्हतंच! किल्लीचं चित्रही नव्हतं. तरी विचार किल्लीचाच होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शब्दही नाही, चित्रही नाही, मग होतं काय? वाचलं तेव्हा कळलं की हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये मानसशास्त्रज्ञ क्युल्पे आणि त्यांचे सहकारी म्हणत, प्रतिमेवाचून विचार असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ टिचनर म्हणत, नीट पाहा, पुसट का होईना संवेदना सापडेलच. दोघांचेही निरीक्षक स्वतःच्या मनाकडे पाहायला शिकवून तयार केलेले, मग निर्णय करणार कोण? १९१३मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी तर मानसशास्त्राने जाणिवेचा नादच सोडावा असं मांडलं. मला तो सोडायचा नाही.

भावनांचं तर आणखी अवघड. ‘पोटात गोळा आला’ असं मी दोनदा लिहिलंय. खरंच पोटात काही जाणवलं होतं, की भाषेने तयार साचा हातात दिला? चुटपुट, रुखरुख, हुरहूर हे तीन शब्द मी अगदी सहज लिहून जाते, पण त्या क्षणी तीन वेगळ्या गोष्टी होत्या का, हे छातीठोक सांगता येत नाही.

भावालाही सामील करून घेतलं. तो घराबद्दल विचार करत होता. मी विचारलं, ‘दार कोणत्या रंगाचं दिसलं?’ म्हणाला, ‘निळं.’ थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, ‘ताई, तू विचारलंस म्हणून रंग सांगितला. मला डोळ्यांसमोर कधीच काही दिसत नाही.’ मनात चित्रं न उमटणाऱ्यांसाठी मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये ‘अफँटेशिया’ हा शब्द दिला, तसंच त्याचं असावं. पण माझ्या प्रश्नाने मी त्याचा अनुभव बिघडवला, ही गोष्ट मनातून जात नाही.

दुसऱ्याला आणि स्वतःला विचारायचं कसं, हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद

तुमची किल्लीची नोंद खोडू नका. हर्लबर्ट शब्द-चित्रांवाचूनच्या विचाराला वेगळा प्रकार मानतात आणि तो पुष्कळांच्या नोंदींत सापडतो. फक्त वाक्य अवतरणात घालू नका, नाहीतर ते मनात उच्चारलं गेलं असं वाटतं.

भावाला असं विचारा: ‘बीपच्या आधी, काही असलंच तर, काय होतं?’ यातलं ‘असलंच तर’ फार मोलाचं आहे. आणि त्याचे पहिले काही दिवस सराव म्हणून धरा. माणसाला स्वतःच्या मनाकडे पाहायला वेळ लागतो.

‘का’ मात्र विचारूच नका. १९७७मध्ये निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता. पायमोज्यांचे चार अगदी सारखे जोड ओळीने ठेवले. लोकांनी उजवीकडचा जोड जास्त निवडला, पण कारण सांगितलं कापडाच्या दर्जाचं. जागेमुळे निवड झाली, हे कुणाच्या गावीही नव्हतं. काय अनुभवलं हे सांगताना माणूस जितका भरवशाचा असतो, तितका कारणं सांगताना नसतो.

दुसरा प्रतिसाद

भावनांसाठी मी एक करतो. नाव शेवटी लिहितो. आधी कुठे जाणवलं, केवढं, हलत होतं की स्थिर, जड की हलकं. कित्येकदा नाव लिहायची वेळच येत नाही. तुमचा ‘गोळा’ खरा असेल तर त्याला जागा आणि आकार सापडेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वही पुन्हा चाळली, तर जवळजवळ प्रत्येक पानावर ‘कारण’ सापडलं. सगळी खोडली, नोंदी निम्म्या झाल्या. ‘गोळा’ एकदा टिकला (बरगड्यांच्या खाली, मुठीएवढा, घट्ट), दुसऱ्यांदा काहीच सापडलं नाही.

काल भावाला ‘असलंच तर’ म्हणून विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘काहीच नव्हतं गं.’ हे वहीत कसं लिहू? जागा रिकामी सोडू?

प्रतिसाद

रिकामी नको. पुढे वाचताना नोंद राहून गेली असं वाटेल. त्याच्याच शब्दांत लिहा, आणि तो किती वेळ गप्प होता तेही.