पट्ट्यांचं ब्लँकेट एका बाजूने तिरकं होतंय, उसवू का?

अबोली
नमस्कार. मी आजवर मफलर, टोप्या आणि एक बाळाचं दुपटं एवढंच केलंय. आता पहिल्यांदाच बेडरूमसाठी मोठं पट्ट्यांचं ब्लँकेट क्रोशाने विणायला घेतलंय. पलंग दीड मीटर रुंद आहे, दोन्हीकडे थोडं खाली सुटायला हवं म्हणून माप धरलं २०० बाय २२० सेंटिमीटर. अ‍ॅक्रिलिक लोकर, साडेपाच मिलिमीटरची सुई, सगळी वीण साध्या खांबांची (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका). १० सेंटिमीटरमध्ये १३ खांब बसतात, म्हणून एका ओळीत २६०. ओळ संपवून वळताना ३ साखळ्या घालते, त्याच नव्या ओळीचा पहिला खांब म्हणून मोजते. दर दोन ओळींनी रंग बदलते: गडद निळा, विटकरी, मोहरी, मोतिया.

४४ ओळी झाल्या, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. काल पहिल्यांदाच ते पलंगावर पसरलं आणि पोटात गोळा आला. डावी कड सरळ आहे, उजवी मात्र हळूहळू आत गेलीय. खाली २०० सेंमी, वर १८४. मांडीवर गोळा करून विणत होते तेव्हा काहीच कळलं नाही.

घरचे म्हणतात, अंथरल्यावर कुणाच्या लक्षात येणार आहे? पण रोज रात्री ते मीच पसरणार ना. एका ओळीला पाऊण तास लागतो, अडीच महिन्यांच्या संध्याकाळी यात गेल्यात. बॉर्डर घालून झाकता येईल, की उसवावंच लागेल?

साखळीटाका
अबोली, आधी उसवू नका, मोजा. पहिल्या ओळीतले खांब आणि शेवटच्या ओळीतले खांब. दर २० खांबांवर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवत जा, म्हणजे मध्येच विसरलात तरी पहिल्यापासून मोजावं लागणार नाही. आकडा सारखा आला तर दोष हाताचा, वर वर वीण घट्ट होत गेलीय. कमी आला तर टाके गळतायत. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

अबोली
दोनदा मोजलं. खाली २६०, वर २३९.

साखळीटाका
मग हात दोषी नाही. २१ खांब गेलेत, ओळी ४४. म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या ओळीला एक, आणि तेही फक्त उजवीकडे. रंग कुठे बदलता? उजव्या कडेलाच ना? दोन-दोन ओळींचे पट्टे असले की प्रत्येक नवा रंग त्याच कडेला सुरू होतो. तिथे जुन्या रंगाचं टोक, नव्याचं टोक, कदाचित गाठही. त्या गर्दीत नव्या रंगाच्या ३ साखळ्या दबून जातात. पुढची ओळ संपवताना तिसऱ्या साखळीच्या डोक्यात जो शेवटचा खांब घालायचा, तो तुमच्याकडून राहतोय. डाव्या कडेला टोकं नाहीत, साखळी उघडी दिसते, म्हणून ती बाजू सरळ राहिली.

चौथ्या ओळीचा उजवा शेवट पाहा. माझा अंदाज आहे की तिथूनच सुरुवात झालीय.

अबोली
तिथूनच!! चौथ्या, सहाव्या, आठव्या, प्रत्येक सम ओळीच्या शेवटी साखळी मोकळी सोडलीय. आता ती दिसते म्हणजे स्पष्टच दिसते. आणि हो, गाठी मारल्यात.

निवांत
मी असते तर उसवलं नसतं. पुढच्या ओळीत २१ खांब विखरून वाढवायचे, २६० पुन्हा पूर्ण. पुढचं सगळं सरळ येईल. ३३ तास फुकट घालवायचे का?

साखळीटाका
निवांत, वाढवलेले खांब ओळभर विखुरले तर त्या जागी वीण फुगते आणि उजव्या कडेला कायमची खाच राहते. रुमालावर चालेल. पट्ट्यांच्या ब्लँकेटवर नजर कडेवरूनच फिरते, कारण प्रत्येक पट्टा तिथे संपतो. बॉर्डरनेही हे झाकणार नाही, १६ सेंटिमीटरची तूट आहे. अबोली, तुम्हाला ते रोज पाहायचंय, म्हणून माझं मत तिसऱ्या ओळीपर्यंत उसवा. फार जड मनाने लिहितेय. माझं स्वतःचं पहिलं ब्लँकेट असंच निमुळतं आहे आणि सात वर्षं ते पायाकडच्या बाजूला दुमडून ठेवते.

पुन्हा विणताना दोन गोष्टी कराच. वळताना ३ ऐवजी २ साखळ्या घाला आणि त्यांना खांब धरूच नका. पहिला खांब पहिल्याच टाक्यात, शेवटचा शेवटच्या खांबावर, साखळ्या सोडून द्यायच्या. मग चुकायला जागाच उरत नाही, कडेला भोकंही कमी पडतात. सध्याच्या तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला मात्र ३ साखळ्यांचा खांब आहे, तेवढा एकदा आठवणीने धरा. दुसरं, गाठ नको. ओळीतला शेवटचा खांब पुरा करताना सुईवर दोन फासे उरले की नवा रंग त्यांतून ओढायचा. टोक १५ सेंटिमीटर ठेवा, नंतर बोथट सुईने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, परत उजवीकडे ओवा. सुटत नाही.

लोकरगुंडा
उसवायच्या आधी तो तुकडा वजनकाट्यावर ठेवा, हिशोब आयता मिळेल. अबोली, एकूण लोकर किती आणलीय?

अबोली
चार रंग, प्रत्येकी १०० ग्रॅमचे ५ गुंडे. तुकडा ४८० ग्रॅम भरला.

लोकरगुंडा
६० सेंमीला ४८०, तर २२० सेंमीला १७६०. पण तुकडा निमुळता आहे, सरासरी २५० खांब. पूर्ण रुंदीला साधारण १८३० ग्रॅम लागतील. तुमच्याकडे २०००. पुरेल, पण एकाच रंगाची जाड बॉर्डर होणार नाही, एकेका रंगाची एकेक फेरी करा. बॉर्डरला मुका खांब (साध्या खांबाहून बुटका टाका): कडेच्या प्रत्येक खांबाच्या उंचीला २, कोपऱ्यात एकाच जागी ३. कड लाटेसारखी झाली तर टाके जास्त झालेत, आत ओढली तर कमी.

उसवलेली लोकर कुरळी होईल. सैल लडी करून चार ठिकाणी बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. इस्त्री अजिबात लावू नका, अ‍ॅक्रिलिक गरम इस्त्रीने लोळागोळा होतं आणि परत पूर्वीसारखं होत नाही.

अबोली
रविवारी उसवलं. चाळीस ओळी ओढायला पाऊण तासही लागला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. लड्या दोरीवर वाळत होत्या तेव्हा चारही रंग पहिल्यांदा असे शेजारी शेजारी, इतके मोठे दिसले, आणि मोहरी निळ्याच्या जवळ हवी हे तेव्हा लक्षात आलं. क्रम बदललाय.

आता दर ओळीच्या शेवटी मोजते. बारावी संपली. २६०.