मार्बल क्वीनची पाने हिरवी का होत आहेत? (सोसायटीच्या बागकाम ग्रुपवरील चर्चा)

बी-५०४ : नमस्कार. गेल्या वर्षी उरुळी कांचनजवळच्या एका रोपवाटिकेतून मी पांढऱ्या-हिरव्या पानांचा मार्बल क्वीन मनी प्लांट आणला. तेव्हा त्याची पाने निम्म्याहून अधिक पांढरी होती. आता वेली चार फूट खाली लोंबत आहेत, परंतु नवी पाने लहान आणि जवळजवळ पूर्ण हिरवी येत आहेत. कुंडीजवळचा वरचा भाग उघडा पडून नुसत्या दांड्या दिसतात, आणि जुन्या पांढऱ्या पानांवर तपकिरी डाग पडले आहेत. कुंडी हॉलमध्ये छताच्या हुकाला टांगली आहे. रोज सकाळी एक पेला पाणी आणि महिन्यातून एकदा खत देते. पाऊस सुरू झाल्यापासून माती सुकतच नाही. माझे नेमके काय चुकते आहे?

सी-२०१ : मनी प्लांट आग्नेय दिशेला ठेवावा, असे आमच्याकडे मानतात. तुमची कुंडी कोणत्या दिशेला आहे?

ए-३०३ : मातीचा त्रास नको असेल तर वेल सरळ बाटलीत पाण्यात लावा. आमच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपासून तशीच आहे.

ए-१०२ : बी-५०४, तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की कुंडी न पाहताही बरेच सांगता येईल. माझ्याकडे ही वेल चौदा वर्षांपासून आहे. तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ मला एकच दिसते : वेलीला उजेड कमी पडतो आहे, आणि पाणी मात्र ती भरपूर उजेडात असल्यासारखे मिळते आहे.

पानाचा पांढरा भाग कितीही देखणा असला तरी त्याच्या पेशींत हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तो स्वतः अन्न तयार करत नाही आणि शेजारच्या हिरव्या भागाने केलेल्या अन्नावर जगतो. निम्मे पान पांढरे असेल तर निम्म्या पानाच्या कमाईवर सगळे घर चालते, असे समजा. म्हणून साधा हिरवा मनी प्लांट जिन्यातल्या अंधूक कोपऱ्यातही तग धरतो, पण मार्बल क्वीनला तो कोपरा पुरत नाही. उजेड कमी असला की नव्या पानांत हिरवा भाग वाढत जातो. आणि एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला तर त्याची कमाई इतरांहून जास्त असल्याने तो जोमाने वाढतो आणि काही महिन्यांत कुंडी व्यापून टाकतो. पूर्ण पांढरी पाने देणारा फुटवा याच्या उलट वागतो. तो सुंदर दिसतो, पण फार काळ टिकत नाही.

आता छताच्या हुकाविषयी. आपल्या सगळ्यांच्या हॉलमध्ये खिडकीची वरची कड सुमारे सात फुटांवर संपते आणि हुकाला टांगलेली कुंडी त्याच्याही वर असते. लोंबणाऱ्या शेंड्यांना खिडकीतला उजेड मिळतो, पण कुंडीचा माथा कायम सावलीत राहतो, म्हणून तिथली पाने आधी गळतात आणि दांड्या उघड्या पडतात. दोर किंवा साखळी लांब करा आणि मातीचा पृष्ठभाग काचेच्या उंचीला येईल इतकी कुंडी खाली आणा. एवढ्या एका बदलाने निम्मे काम होईल, असे मी अनुभवाने सांगते. डासांच्या जाळीमुळे आणि काचेवरच्या गडद फिल्ममुळेही बराच उजेड अडतो, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. दिवा न लावता भर दुपारी कुंडीपाशी बसून वर्तमानपत्र सहज वाचता आले आणि पानांवर धरलेल्या हाताची सावली पुसट का होईना पण दिसली, तर तो उजेड पुरेसा समजावा. रोपवाटिकेत ही रोपे शेडनेटखाली वाढवलेली असतात, म्हणजे तिथे उजेड भरपूर असतो आणि ऊन गाळून येते. घरात आपल्याला त्याच्या जवळपास जायचे आहे.

सी-२०१, आग्नेय दिशेबद्दल तुम्ही लिहिलेत ते या वेलीला सोयीचेच आहे, कारण त्या बाजूच्या खिडकीत सकाळचे कोवळे ऊन येते आणि ते ही पाने सहन करतात. बी-५०४ यांच्या हॉलची खिडकी मात्र दक्षिणेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पुण्यात मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात. त्या दरम्यान भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा थेट ऊन शिरत नाही आणि कुंडी काचेला अगदी लागून ठेवली तरी चालते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवरच असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येते. त्या दिवसांत पातळ पडदा लावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्या. पश्चिमेच्या खिडकीतील एप्रिल-मेचे दुपारचे ऊन सर्वांत वाईट. ते आधी पांढरा भाग जाळते, आणि जळलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही.

बी-५०४ : धन्यवाद, काकू. मग पाणी किती द्यावे? माझ्या कुंडीला खाली बशी जोडलेली आहे.

ए-१०२ : रोज एक पेला, हा हिशेबच सोडून द्यावा, असे मी म्हणेन. कमी उजेडातील वेल कमी पाणी पिते, आणि पावसाळ्यात हवाच दमट असल्याने मातीतले पाणी उडतही नाही. बोट मातीत दोन पेरे खाली घाला. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नका. माझ्या कुंड्यांना जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी लागते, तर एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पाणी द्यायचे तेव्हा भरपूर द्या, तळाच्या भोकांतून वाहू द्या आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. तुमच्यासारखी जोडलेली बशी असेल तर कुंडी न्हाणीघरात नेऊन तिरकी करून निथळावी लागते. हे कष्टाचे आहे, पण बशीत साचलेल्या पाण्यानेच मुळे कुजतात. तपकिरी डाग मऊ असून त्यांच्याभोवती पिवळी कड असेल तर ते बहुधा अति पाण्याचे आहेत. कोरडे, कागदासारखे कुरकुरीत असतील तर उन्हाचे किंवा कोरड्या हवेचे.

रोपवाटिकेतील कुंडीत बहुतेक वेळा नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असते, आणि पावसाळ्यात ते भिजल्या स्पंजासारखे ओले राहते. हवामान उबदार आहे तोवरच कुंडी बदलून घ्या. मी एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट आणि अर्धा-अर्धा भाग गांडूळखत व विटांचा बारीक चुरा असे मिश्रण वापरते. गांडूळखत मिसळल्यावर पुढचे दोन-तीन महिने दुसरे खत देण्याची गरज नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही, कारण रात्रीचा पारा १५ अंशांखाली गेला की ही वेल जवळजवळ थांबते आणि न वापरलेल्या खताचे क्षार मातीत साचून पानांच्या कडा करपवतात. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यानेही असाच पांढरा थर कुंडीवर चढतो, म्हणून पावसाळ्याच्या या चार महिन्यांत शक्य तेव्हा पावसाचे पाणी धरून ते वापरा.

डी-४०२ : आमच्याकडे पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके झाले आहेत. ते काय आहे?

ए-१०२ : तो पिठ्या ढेकूण आहे. कुंडी आजच इतर झाडांपासून वेगळी ठेवा. कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक पुंजका पुसून काढा, मग एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, आणि तिसऱ्या आठवड्यातही. एकदा करून थांबलात तर तो परत येतो.

बी-५०४ : हिरव्या झालेल्या वेलींचे काय करू? त्या पुन्हा पांढऱ्या होतील का?

ए-१०२ : जे पान हिरवे निघाले ते हिरवेच राहणार. उजेड वाढवल्यावर पुढची पाने सुधारतात, पण पूर्ण हिरवा झालेला फुटवा कापावाच लागतो. इथे माझी स्वतःची चूक सांगते. माझ्या पहिल्या मार्बल क्वीनला असा एक टवटवीत हिरवा फुटवा आला होता. इतकी छान वाढणारी फांदी कापायला माझे मन होईना, म्हणून मी ती तशीच ठेवली, आणि दीड वर्षात कुंडीत पांढऱ्या रेघेचे एकही पान उरले नाही. ती वेल मी पुन्हा मिळवू शकले नाही.

वेल हातात धरून शेंड्याकडून मागे या. ज्या पानात पांढरे-हिरवे रंग चांगले मिसळले आहेत, शिवाय ज्याच्या देठाजवळच्या दांडीवरही पांढऱ्या रेघा दिसतात, असे पहिले पान शोधा. त्या पेराच्या थोडे पुढे, स्वच्छ कात्रीने कापा. नवा फुटवा त्या पानाच्या बगलेतील डोळ्यातून येतो, म्हणून दांडीची ती बाजू हिरवीच असेल तर फुटवाही हिरवा येण्याची शक्यता जास्त. ही वेल घरात फुलत नाही, बियांपासून कोणी वाढवत नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील मूरेआ बेटावरची ही वनस्पती जगभर पसरली ती अशा तुकड्यांतूनच. त्यामुळे कोणत्या पेरावर कात्री लावायची, यावर तुमच्या वेलीचा पुढचा रंग ठरतो.

कापलेल्या चांगल्या तुकड्यांना एक-दोन पेरे असू द्या आणि खालचे पेर पाण्यात बुडेल असे ठेवा. या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. मग ते त्याच कुंडीच्या उघड्या माथ्यावर लावा. उरलेल्या लांब वेलींपैकी एक-दोन मातीवर गोल फिरवून पेरे केसांच्या पिनांनी मातीला टेकवून ठेवलीत तर तीही मुळे धरतील आणि वरचा भाग भरून येईल.

ए-३०३ : म्हणजे आमची बाटली योग्यच आहे ना?

ए-१०२ : वेलीसाठी ठीक आहे, परंतु त्या पाण्याकडे कृपया गांभीर्याने पाहा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. दर चार दिवसांनी पाणी बदला आणि बाटली आतून घासा, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या वर काचेला चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. बाटलीच्या तोंडाशी कापसाचा घट्ट बोळा बसवलात तर आणखी चांगले.

सी-६०१ : आमची मुलगी रांगते आहे आणि घरात मांजरही आहे. ही वेल विषारी असते असे ऐकले, ते खरे का?

ए-१०२ : खरे आहे. मनी प्लांट अळू आणि सुरण यांच्याच कुळातील आहे. कच्चे अळू घशाला खाजते ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच याच्या पानांत आणि दांड्यांत असतात. पान चावले तर तोंडात आग होते, लाळ गळते आणि सूज येते. मांजर-कुत्र्यांनाही तोच त्रास होतो. मुलगी मोठी होईपर्यंत तुमच्या घरी लोंबणारी वेल ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. उंचावर ठेवली तरी शेंडे खाली येतातच. आणि कापताना रस हाताला लागला तर सर्वांनीच हात धुवावेत.

छाटलेले तुकडे कोणीही मागच्या भिंतीशी किंवा नाल्याकडे टाकू नयेत, अशीही विनंती करते. एका पेरावरही ही वेल तिथे रुजते, झाडावर चढते आणि त्या झाडाचा उजेड अडवते. गेटजवळच्या नारळावर हातभर रुंद पानांची जी वेल दिसते, तो मनी प्लांटच आहे; वर चढू दिला की पाने मोठी होतात आणि लोंबू दिला की लहान राहतात. बी-५०४, तुमची नवी पाने लहान येण्यात थोडा वाटा त्याचाही आहे.

बी-५०४ : काकू, पहिली कात्री लावायला भीती वाटते. रविवारी सकाळी घरी येऊ शकाल का? दोर आज रात्रीच लांब करते.

ए-१०२ : साडेनऊला येते. पाणी शनिवारी देऊ नका, म्हणजे माती थोडी सुकेल आणि मुळे पाहता येतील. एक काचेची बरणी धुऊन ठेवा. लाल माती आणि विटांचा चुरा मी आणते.