मदत हवी आहे: डाऊन क्विल्ट घ्यावी की स्लीपिंग बॅग? (चिखलदरा आणि वावरातली जागल)

वावरवाट

नमस्कार मंडळी. परतवाड्याजवळच्या एका खेड्यातून लिहिते आहे. डिसेंबरच्या शेवटी आम्ही काही मैत्रिणी पोरांना घेऊन चिखलदऱ्याला तंबूत दोन रात्री राहायचं म्हणतोय. जागा एका ओळखीच्या माणसाच्या शेतातलीच आहे, गाडी तंबूपर्यंत जाते. तंबू त्यांचे, पांघरूण आपापलं.

आता पांघरुणावरून घरात दोन पक्ष पडलेत. पुण्याचा भाऊ म्हणतो, डाऊन (बदकाच्या मऊ पिसांची) क्विल्टच घे, ८०० फिलची, इतकीशी घडी होते, आयुष्यभर टिकते. अमरावतीचा दुकानदार म्हणाला, क्विल्ट म्हणजे दुलई, ती घरात पलंगावर. बाहेर झोपायचं तर स्लीपिंग बॅगच लागते. दोघंही इतक्या ठामपणे बोलतात की माझंच डोकं फिरायला लागलं.

माझी अडचण अशी की मी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपते. मावसभावाकडे ती पायाकडे निमुळती होत जाणारी बॅग घालून पाहिली. चेन गळ्यापर्यंत ओढली आणि जीव घाबरा झाला. पाय हलेनात, कूस बदलली की अख्खी बॅग सोबत फिरते, तोंड टोपीच्या कापडात.

दुसरं म्हणजे, इतके पैसे घालायचे तर ती वस्तू वर्षातून दोन रात्री वापरून कपाटात जायला नको. हरभरा-गव्हाच्या दिवसांत आमचे हे जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला जातात. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत वाफेच्या वाफे सपाट करतात. शिवाय रात्रीची लाइन (वीज) असली की ओलितासाठी तसंही वावरातच मुक्काम. बांबूचं मचाण आहे. सध्या ते वाकळ नेतात, पण ती दवानं इतकी जड होते की सकाळी कुंपणावर वाळत टाकायला दोघं लागतात. तेव्हा एकच काहीतरी घ्यावं जे तंबूतही चालेल आणि मचाणावरही, असा माझा हिशोब आहे. जमेल का? आणि लेकीला (वय ८) काय घ्यावं?

डोंगरउतार

ताई, दुकानदारानं उगाच घोळ घातलाय. कॅम्पिंगची क्विल्ट वेगळी आणि पलंगावरची दुलई वेगळी. पाठ कापून टाकलेली स्लीपिंग बॅग, असं समजा. पायाकडे पिशवीसारखी बंद, वरून मोकळी, बाजूला पट्टे असतात ते खालच्या मॅटला अडकवायचे. पाठ कापायचं कारण सरळ आहे. डाऊनमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. अंगाखाली ते दबलं की हवा निघून जाते आणि ऊबही. म्हणजे बॅगेत पाठीखाली जे डाऊन असतं त्याचे पैसे मोजायचे, वजन वाहायचं आणि गार ते गारच.

म्हणून आधी मॅट घ्या, मग बाकीचं बघा. क्विल्टला पाठ नाही म्हटल्यावर सगळी मदार मॅटवर. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी अडते. घडीची साधी फोम मॅट साधारण २ ची असते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, हे फार लोकांना माहीत नसतं. तुमच्या थंडीला ३ च्या पुढे गेलात की निवांत झोपाल.

बॅगेवरचे तापमानाचे आकडे नीट वाचा. आयएसओ २३५३७ हे त्याचं प्रमाण. त्यात ‘कम्फर्ट’ हा आकडा बाईला धरून असतो, ‘लिमिट’ पुरुषाला धरून. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल एवढंच, त्यात झोपेचा प्रश्नच नाही. पण पाकिटावर सर्वांत मोठ्या अक्षरात बरेचदा तोच छापलेला असतो. क्विल्टचं आणखी वेगळं. तिची अशी चाचणी सहसा झालेली नसते, आकडा बनवणाऱ्याचा स्वतःचा असतो. मी त्यावर डोळे मिटून ५ अंश वाढवतो.

चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे. पहाटे ५-६ अंश धरून चला आणि कम्फर्ट ० ते ५ च्या मधलं काही घ्या. जास्त वाटत असेल तर आठवा, २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते, तेही सपाटीवर.

राहता राहिलं ८०० फिल. २८ ग्रॅम म्हणजे एक औंस डाऊन फुगून किती घन इंच जागा घेतं, तो हा आकडा. ८०० चं पांघरूण ६०० पेक्षा गरम असतं असं नाही. तेवढ्याच ऊबेला डाऊन कमी लागतं, म्हणून वजन कमी. पाठीवर घेऊन चालणाऱ्यानं त्यासाठी पैसे मोजावेत. तुमची गाडी तंबूपर्यंत जातेय, तुम्ही कशाला मोजता?

कुशीवर झोपणाऱ्याला क्विल्ट सोयीची, यात मला शंका नाही. फक्त रुंद घ्या आणि कानटोपी विसरू नका, क्विल्टला टोपी नसते.

पराटीवाला

बाई, चिखलदऱ्याचं मले मालूम नाई, पन जागलीचं सांगतो. हे महागाचं पांघरुन मचाणावर नेऊच नका. शेकोटीची एक ठिणगी पडली का त्या पातळ नायलॉनले भोक पडलंच समजा. मंग त्या भोकातून पिसं उडत राह्यतात. बोरीचा काटा हाय, तुराटीचं टोक हाय. अन दिवसा मचाणावर ठेवलं तं उंदरं हायेतच.

दुसरं असं का डुकरं आले तं मानसाले झटक्यात उठा लागते. चेनवाल्या पोत्यात चेन अडकली तं डुकरं हरभरा खाऊन मोकळे अन हा गडी बॅटरी शोधत पोत्यातच.

अन एक सांगू का, मचाणावर थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. बांबूच्या फटीतून वारा येते ना. आमी कुटाराचे (भुशाचे) कट्टे पसरवतो, त्याच्यावर ताडपत्री, मंग वाकय. वाकय दवानं ओली होते म्हून अंगावर ताडपत्री घेऊ नका, आतून घामानं ओली होते. ताडपत्री दोन-तीन हात वर तिरपी बांधा. दव तिच्यावर पडते, तुमी कोरडे.

वावरवाट

पराटीवाला भाऊ, चेनीचं यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “हा मानूस जागलीले गेलेला हाय.” ताडपत्री वर बांधायचं आजच करतो म्हणाले.

डोंगरउतार दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. पण काल संध्याकाळी नवाच पेच झाला. सासूबाई महानुभाव पंथाच्या उपदेशी (पंथाचा उपदेश घेतलेल्या, अहिंसा पाळणाऱ्या) आहेत, पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला नेमानं जातात. मी लेकीला सांगत होते की यात बदकाची मऊ पिसं भरलेली असतात. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं तसंच धरून त्यांनी विचारलं, “अंगावर घ्याले पाखरू कायले पाह्यजे? गावातला कापूस संपला का?” पुढे काही बोलल्या नाहीत. त्या अडवणार नाहीत, पण त्यांना न पटलेली वस्तू घरात आणावी असं मलाही वाटत नाही. आता?

मोर्शीवाली

ताई, आमच्याकडेही उपदेशी माणसं आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा. डाऊन म्हणजे बदक-हंसांच्या छातीवरचा, वरच्या पिसांखालचा मऊ थर. बहुतेक माल मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासूनच येतो. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटू नयेत म्हणून २०१४ पासून रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड नावाचं प्रमाणपत्र आहे. पण खरं सांगायचं तर सासूबाईंच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही. प्रमाणपत्र असलं तरी पाखरू ते पाखरूच.

मग तिसरा रस्ता धरा: सिंथेटिक क्विल्ट. आकार तोच, आत पॉलिएस्टरचे तंतू. डाऊनपेक्षा जड, बोचकं मोठं, आणि वारंवार दाबून ठेवली तर काही वर्षांत चपटी होत जाते. पण आपल्याकडच्या हवेला मला तीच जास्त पटते. डिसेंबरात ओलित केलेल्या गव्हाच्या कडेला, निरभ्र आभाळाखाली झोपलात की पहाटे पांघरुणावरून पाणी निथळतं. भिजलेलं डाऊन गोळा होऊन बसतं आणि ऊब जवळजवळ जाते. पॉलिएस्टर ओलं झालं तरी थोडी ऊब धरतं आणि उन्हात लवकर वाळतं.

शिवाय धुण्याचा विचार करा. डाऊन धुवायला वेगळा सौम्य साबण, नाहीतर त्यातलं नैसर्गिक तेल जातं. ड्रायक्लीनला द्यायचं नाही. ओलं असताना एका टोकाला धरून उचललं तर आतले कप्पे फाटतात. मग आडवं पसरून, हातानं एकेक गोळी फोडत, पार आतपर्यंत वाळेस्तोवर राखण करायची. खेड्यात ड्रायर कुठून आणणार? काहीही घेतलं तरी जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवून आत घालत जा. अंगाचा घाम-तेल लुगड्याला लागतं, ते धुतलं की झालं.

आणि ऑनलाइन घेताना जपून. ‘डाऊन अल्टरनेटिव्ह’ लिहिलेलं असतं त्यात डाऊन नसतं, पॉलिएस्टरच असतं. तुम्हाला तेच हवंय म्हणा, पण मग डाऊनचा भाव देऊ नका. पायाकडचा बंद भाग आणि मॅटचे पट्टे फोटोत दिसत नसतील तर ती पलंगावरचीच दुलई.

सेमाडोहकडचा

मोठ्यांचं तुम्ही ठरवा, पण लेकीला स्लीपिंग बॅगच घ्या. क्विल्ट पोरं झोपेत लाथाडतात, मग पहाटे उघडी. मोठ्यांची बॅग असली तरी चालेल. पायाकडचा जास्तीचा भाग दुमडून दोरीनं बांधून टाकायचा. आत रिकामी जागा जितकी कमी तितकी बॅग लवकर गरम होते. निजण्याआधी पोरीला थोडं पळवा, काहीतरी खायला द्या आणि शू करवून आणा. गारठलेलं अंग बॅगेत घातलं तर ते गारठलेलंच राहतं, बॅग काही उष्णता तयार करत नाही.

पांघरुणाशी संबंध नाही, तरी सांगतो. खायचं तंबूत ठेवू नका. तो सगळा अस्वलांचा मुलूख आहे. आणि शेत सोडून जंगलाच्या हद्दीत तंबू टाकायचा मोह झाला तर वनखात्याच्या परवानगीशिवाय नको.

डोंगरउतार

मोर्शीवाली ताईंशी एका बाबतीत जमत नाही. तंबूत झोपणार असाल तर दवाची एवढी भीती नको. तंबूची हवा खेळती ठेवली, दोन्हीकडच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या, तर डाऊन भिजत नाही. लोक थंडी म्हणून सगळं गच्च बंद करतात, मग श्वासाची वाफ छताला लागून थेंब पडतात आणि दोष डाऊनला. पण सासूबाईंचा मुद्दा वेगळा आहे. तिथे मी सिंथेटिकलाच मत देईन.

वावरवाट

सगळ्यांचे आभार. आज रात्री जेवताना बसून ठरवलं. एकाच पांघरुणात दोन्ही कामं करायचा नाद सोडला. मचाणावर वाकळच जाईल, खाली कुटार, वर तिरपी ताडपत्री. दोन फोम मॅट आधी मागवते. त्यातली एक यांना जागलीला द्यायला निघेल, ती कोणी चोरणारही नाही आणि ठिणगी पडली तरी जीव हळहळणार नाही. लेकीला सिंथेटिक बॅग, मला सिंथेटिक क्विल्ट. सासूबाईंना सांगितलं की आत प्लॅस्टिकचा कापूस आहे. “मंग चालते,” म्हणाल्या, आणि किंमत ऐकून पुन्हा गप्प झाल्या.

एकच विचारायचं राहिलं. रुंद घ्या म्हणालात, पण रुंद म्हणजे किती? जी पाहिली ती १२० सेंटिमीटरची आहे. माझी उंची ५ फूट ३ इंच.

डोंगरउतार

१२० उताणं झोपणाऱ्याला पुरते. तुम्ही गुडघे पोटाशी घेता, त्यामुळे मागून वारा शिरणार. १३५-१४० ची बघा. मागवायच्या आधी घरातली चादर तेवढ्या रुंदीची घडी घालून जमिनीवर झोपून पाहा, रोजच्यासारखी कूस बदला. पाठ उघडी पडली तर आणखी १० सेंटिमीटर वाढवा. लांबी १८० पुरेल, गळ्यापाशी ओढून घ्यायला थोडी उरली पाहिजे. आणि गळ्याला नाडी किंवा बटण आहे का ते बघून घ्या. नसेल तर थंडी तिथूनच आत येते.