मदत हवी आहे: शेक बंद करून जेवणावर येतेय, रात्री काय खाऊ?

नमस्कार मैत्रिणींनो. दहा आठवडे दोन्ही वेळा जेवणाऐवजी शेकच (वजन कमी करण्यासाठी प्यायचं पेय) घेत होते, ९ किलो उतरले. आता डॉक्टरांनी एकेक शेक कमी करत जेवणावर यायला सांगितलंय. दुपारचं बसलंय: अर्धी ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, पेलाभर ताक. इतक्या दिवसांनी चावून खाताना अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं.

अडचण रात्रीची आहे. साधारण ३०० कॅलरीत बसेल, प्रोटीन असेल आणि घरच्यांनाही तेच वाढता येईल असं काय करू? सासूबाईंना भात लागतोच, आणि समोर गरम वरणभात असला की माझा हात थांबत नाही. मुगाच्या डाळीचं धिरडं, पालकाची ताकातली भाजी करून झाली. पिठलं आवडतं, पण ५ ग्रॅम तेलातच ४५ कॅलरी जातात आणि आमच्याकडे फोडणी सढळ. कमी तेलात पिठलं चवदार कसं करता? मसूर, चवळी रात्री जड पडतात का?

जेवणावर परतताना वजन पुन्हा वाढू न दिलेल्या कुणी असाल तर पहिल्या महिन्यात रात्री काय खाल्लंत ते प्रमाणासकट सांगा ना. मला हे टिकवायचंच आहे.