फोन माझा, मग ताबा कंपनीचा का? (रूट करावा की नाही)

पेठकर: फोन जुना, कंपनीनं अपडेट बंद केलेत आणि तिनं आत भरलेली फुकटची अ‍ॅपं निघत नाहीत. तापकीर गल्लीत एक दुकानदार म्हणाला, रूट करून देतो (म्हणजे फोनच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा तुमच्या हाती), डेटाला धक्का लागणार नाही. माझं मत: करावं. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं 'नको' नको.

कर्वेरोड: 'धक्का लागणार नाही' म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊच नका. रूटसाठी आधी बूटलोडर (फोन चालू करताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोन आतलं सगळं पुसतो. ते मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर चोरानं केबल लावून तुमचे फोटो पाहिले असते. न पुसता रूट करायचं तर सिस्टीममधलं भगदाड लागतं. २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' नावाचं एक उघडकीला आलं, तेही बुजवलं. एका क्लिकमध्ये रूट करणाऱ्या अ‍ॅपांवर तर माझा काडीचा विश्वास नाही.

हिंजवडी_नाइटशिफ्ट: पुसतो, मान्य. मग बॅकअप घ्या की! फोटो केबलनं कॉम्प्युटरवर उतरवा आणि तिथे चार-दोन उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया'त सापडेल, तो उचला. ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी लागणारे) कोड दुसऱ्या फोनवर हलवा. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग स्वतःच्याच ईमेलच्या दारात ताटकळतात. रूट करायचं साधन म्हणजे मॅजिस्क. ते सिस्टीमला हात लावत नाही, फक्त बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी फाइल) पॅच करतं, म्हणजे तिच्यात बदल करतं (अँड्रॉइड १३ घेऊनच आलेल्या नव्या फोनांत सहसा इनिट-बूट). इमेज तुमच्याच बिल्ड नंबरची (सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीची) हवी, नाहीतर फोन लोगोवरच अडकू शकतो. मूळ इमेज जपून ठेवा. तीच परत फ्लॅश केली (फोनमध्ये टाकली) की बहुतेकदा फोन उठतो.

कर्वेरोड: आणि दुसऱ्या दिवशी मंडईत पैसे कसे देणार? बँकांची बरीच अ‍ॅपं रूट ओळखून उघडायलाच नकार देतात. रूट लपवायची मॉड्यूल्स निघतात, गूगल 'प्ले इंटिग्रिटी' ही फोनची तपासणी आणखी कडक करतं, आणि तुम्ही दर महिन्याला तेच निस्तरत बसा. सॅमसंग असेल तर नॉक्सचा (त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज कायमचा उडतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी तो भरून येत नाही.

हिंजवडी_नाइटशिफ्ट: मंडईत रोख चालते हो अजून.

सहकारनगरवाली: भांडा निवांत. पण कचरा अ‍ॅपं काढायला रूट लागतोच कुठे? यूएसबी डीबगिंग चालू करा, कॉम्प्युटरवरून एडीबीनं (फोनला आज्ञा देणाऱ्या साधनानं) 'पीएम अनइन्स्टॉल' ही आज्ञा द्या, 'युजर ०' जोडून. अ‍ॅप तुमच्यापुरतं जातं, डेटा जागेवर, बूटलोडर बंदच. फक्त नाव माहीत नसलेलं सिस्टीमचं अ‍ॅप उडवू नका. सासऱ्यांच्या फोनमधला न्यूजचा उच्छाद मी असाच घालवला.

पेठकर: वा! पण अपडेटचं काय?

हिंजवडी_नाइटशिफ्ट: तुमच्या मॉडेलला असेल तर लिनिएजओएस (कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टीम) टाका. त्याला रूट लागत नाही, बूटलोडर मात्र उघडावाच लागतो. म्हणजे पुसणं आलंच.

कर्वेरोड: आणि हौसेनं तो परत लॉक करायला जाऊ नका. कस्टम रॉमवर (अशा बाहेरच्या सिस्टीमवर) लॉक केला तर बरेच फोन सुरूच होत नाहीत. उघडा ठेवायचा, तर त्यात बँक ठेवू नका. मी अजूनही 'नको'च म्हणतोय.